खदान तीच, भाव वेगळा

कंपनीचा वार्षिक अहवाल मी मागून वाचायला घेतो. पुढच्या पानांवर रंगीत छायाचित्रं, अध्यक्षांचं मनोगत, वृक्षारोपण आणि बक्षीस समारंभ असतात. मागची पानं बारीक टाइपातली, नुसत्या आकड्यांची. पण कंपनीला कायद्यानं जे सांगणं भाग असतं, ते तिथेच सापडतं. आधी ताळेबंदाच्या टिपा वाचायच्या. मग रोख प्रवाहाचं पत्रक, कारण नफा कागदावर दाखवता येतो, बँकेतली रोकड दाखवणं त्या मानानं अवघड असतं. मग लेखापरीक्षकांचा अहवाल. कंपनी सरकारी असेल तर त्यामागे कॅगचे शेरे जोडलेले असतात. ते एखादंच पान असतं, आणि बहुतेक वाचक ते उलटून पुढे जातात. मी ते दोनदा वाचतो.

मी टपाल खात्यात नोकरी करतो आणि खाप्याला राहतो. दिवसभर माझ्या हातून लोकांची बचत सरकत असते. कुणाचा आरडीचा हप्ता, कुणाच्या निवृत्तीच्या पैशांवरचं मासिक व्याज, कुणाचं मुदत संपलेलं किसान विकास पत्र. संध्याकाळी जेवणं आटोपली की त्याच टेबलावर मी एखाद्या कंपनीचा अहवाल उघडतो. लोक याला शेअर बाजाराचा नाद म्हणतात. मला नाद आहे तो वाचनाचा आणि भागाकाराचा. बाजार त्यात शेवटी येतो, आणि कित्येक महिने येतही नाही.

या पद्धतीला व्हॅल्यू इन्व्हेस्टिंग म्हणतात. बेंजामिन ग्रॅहम यांनी डेव्हिड डॉड यांच्याबरोबर १९३४ मध्ये तिचा पाया घातला आणि १९४९ च्या पुस्तकात ती सामान्य गुंतवणूकदारासाठी मांडली. गाभा सोपा आहे. शेअर म्हणजे चालत्या धंद्यातला हिस्सा. त्या धंद्याची एक किंमत आपण आपल्या अकलेनं, सावधपणे काढायची. बाजारातला भाव त्यापेक्षा बराच खाली असेल तरच घ्यायचं, म्हणजे आपला अंदाज थोडा चुकला तरी मधलं अंतर आपल्याला सांभाळून घेतं. हे समजायला एक तास पुरतो. अमलात आणायला मात्र एखादा धंदा आतून बाहेरून माहीत असावा लागतो, आणि माझ्या नशिबानं तसा एक धंदा माझ्या गावाच्या शेजारीच आहे.

खापा हे सावनेर तालुक्यातलं कन्हान नदीच्या काठचं गाव. एकेकाळी कोष्ट्यांच्या हातमागांसाठी ते ओळखलं जाई. जवळच गुमगावची मँगनीजची खदान आहे. ती मॉईलची, म्हणजे पूर्वीच्या मँगनीज ओअर इंडिया लिमिटेडची. कंपनीची मुळं १८९६ पर्यंत जातात. त्या वर्षी इंग्रजांनी मध्य प्रांतात मँगनीज शोधण्यासाठी सिंडिकेट काढलं. १९६२ मध्ये त्यात सरकारी भागीदारी आली आणि १९७७ मध्ये कंपनी पूर्णपणे सरकारी झाली. मुख्य कचेरी नागपुरात काटोल रोडला. खाणी नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या.

जमिनीखालच्या खाणीत सुरुंग लावून खनिज फोडतात, वर आणतात, वेचतात, आकारानुसार वेगळं करतात आणि मग प्रत ठरवतात. प्रत म्हणजे मुख्यतः त्यात मँगनीज किती टक्के, आणि सिलिका आणि फॉस्फरस किती कमी. खनिज काढल्यावर उरलेली पोकळी वाळू आणि पाण्याच्या मिश्रणानं भरत जातात, नाहीतर वरचा भाग खचेल. बहुतेक माल फेरो मँगनीज आणि सिलिको मँगनीजच्या भट्ट्यांकडे जातो आणि तिथून पोलाद कारखान्यांकडे. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं डायऑक्साइड जातीचं खनिज कोरड्या बॅटरीला लागतं. शाळेच्या प्रयोगशाळेत प्राणवायू तयार करताना परीक्षानळीत जी काळी पूड टाकायचो, तिचंच हे मोठं रूप.

एवढं कळलं की अहवालातली खर्चाची पानं आपोआप बोलू लागतात. यात सगळ्यात मोठा खर्च कामगारांच्या पगाराचा असतो. तो खनिजाचे दर पडले म्हणून पडत नाही. म्हणजे दर वाढले की वाढीव पैसा जवळजवळ सगळा नफ्यात जातो, आणि दर पडले की सगळा घाव नफ्यावरच बसतो. मॉईलबद्दल एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर मी हे ठेवीन.

२०१० च्या डिसेंबरात सरकारनं मॉईलचे शेअर लोकांना विकले. भाव ३७५ रुपये, किरकोळ गुंतवणूकदारांना ५ टक्के सूट. मागणी पन्नासपटींहून जास्त आली, आणि १५ डिसेंबरला नोंदणी झाली तेव्हा पहिल्याच दिवशी भाव पाचशेच्या पुढे उघडला. आमच्या भागात तर घरच्याच कंपनीचा इश्यू म्हणून कोण कौतुक! त्या वेळी कंपनीचे १६.८ कोटी शेअर होते. म्हणजे ३७५ च्या भावानं सगळ्या कंपनीची किंमत ६,३०० कोटी रुपये. २००९-१० चा नफा सुमारे ४६६ कोटी. साडेतेरा वर्षांच्या नफ्याइतकी किंमत, कर्ज शून्य, सरकारी मालकी. स्वस्तच वाटतं.

पण तो नफा खनिजाला चांगला दर असतानाचा होता. ज्या धंद्याचा नफा जगभरच्या दरावर हेलकावे खातो, तो भरतीच्या वर्षात नेहमीच स्वस्त दिसतो आणि ओहोटीच्या वर्षात महाग. हे मला ग्रॅहम वाचून अर्धंच कळलं होतं. पूर्ण कळलं ते २०१६ च्या सुरुवातीला.

तेव्हा चीनमधली पोलादाची मागणी मंदावली होती आणि ४४ टक्के प्रतीच्या खनिजाचा आंतरराष्ट्रीय दर, टनातल्या दर टक्का मँगनीजमागे मोजतात तो, दोन डॉलरच्या खाली उतरला होता. मॉईलचा शेअर दोनशेच्या आसपास. खदानीतले एक जण काउंटरवर आरडी भरायला आले होते. त्यांनी विचारलं, ‘‘भाऊ, खदानीत माल तेवढाच निघून राह्यला, मंग शेअर काऊन पडला?’’

प्रश्न अचूक होता, आणि मी त्या रात्री वहीत त्याचं उत्तर लिहायला बसलो. दोनशे गुणिले १६.८ कोटी, म्हणजे ३,३६० कोटी. एवढ्यात बाजार अख्खी कंपनी विकायला तयार. कंपनीच्या बँक खात्यांत आणि ठेवींत अडीच हजार कोटींहून जास्त रोकड. कर्ज नाही. वजाबाकी केली तर सगळ्या खाणी, जमिनीतलं खनिज, भट्टी आणि पवनचक्क्या मिळून बाजार जेमतेम आठ-नऊशे कोटी द्यायला तयार होता. नफा सुमारे १७३ कोटींवर आला होता, आणि त्यातला मोठा भाग ठेवींच्या व्याजाचा. म्हणजे बाजाराचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्या घडीला खदान खरोखरच काही कमवत नव्हती. प्रश्न एवढाच होता की ती कायमची अशी राहील का? पोलाद बनायचं थांबणार नव्हतं, आणि दोन डॉलरला जगातल्या कित्येक खाणींना खर्चही परवडत नव्हता. त्या बंद पडल्या की पुरवठा आटतो आणि दर उठतात. कधी, ते मला माहीत नव्हतं. माहीत असण्याची गरजही नव्हती, कारण तोवर थांबायला माझ्याकडे पगार होता. मी थोडे थोडे शेअर घेतले.

नोकरीत असताना हा छंद कसा जमतो, असं लोक विचारतात. माझा अनुभव उलटा आहे. नोकरी आहे म्हणूनच तो जमतो. दर महिन्याला पगार येतो, म्हणून घरखर्चासाठी पडत्या भावात काही विकावं लागत नाही. पैसे थोडे थोडे जमतात, म्हणून खरेदीही थोडी थोडी होते. वरून केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ आहेत. त्यांतला १६ वा नियम सांगतो की वारंवार शेअर घेणं आणि विकणं हा सट्टा समजला जाईल, आणि सरकारी नोकरानं सट्टा करायचा नाही. २०१९ पासून वर्षभरातले व्यवहार सहा महिन्यांच्या मूळ पगारापेक्षा जास्त झाले तर कार्यालयाला कळवावं लागतं. अनेकांना हे जोखड वाटतं. मला यात माझ्या पद्धतीला सरकारी मान्यता दिसते. रोज उठून भाव बघण्याची सवयच लागली नाही, यासाठी मी त्या नियमाचा मनापासून आभारी आहे.

२०१६ मध्ये पुढे जे झालं त्यातलं निम्मं मी गृहीत धरलं नव्हतं. मे २०१६ मध्ये केंद्र सरकारनं सरकारी कंपन्यांसाठी नियम काढला. ज्यांची निव्वळ मालमत्ता २,००० कोटींहून आणि रोकड १,००० कोटींहून जास्त, त्यांनी शेअर परत विकत घ्यावेत. मॉईल त्यात नेमकी बसत होती. कंपनीनं सुमारे ३.४८ कोटी शेअर २४८ रुपयांनी परत घेतले, ८६३ कोटींचे. वर्षअखेरीपर्यंत मँगनीजचा दर नऊ डॉलरच्या आसपास गेला. २०१७ मध्ये एकास एक बोनस आला आणि २०१७-१८ चा नफा ४२० कोटींच्या पुढे गेला. माझे काही शेअर मी बायबॅकमध्ये दिले, बाकीचे ठेवले.

या सगळ्यात माझं एकच मोजमाप कायम राहिलं आहे, आणि ते माझ्या काउंटरवरचं आहे: किसान विकास पत्र. २०१० च्या डिसेंबरात ते ८ वर्षं ७ महिन्यांत दुप्पट होत होतं. म्हणजे मॉईलच्या इश्यूत घातलेले ३७५ रुपये तिथे ठेवले असते, तर जुलै २०१९ मध्ये ७५० झाले असते. त्या महिन्यात बोनससकट हाती असलेल्या दोन शेअरची किंमत तीनशेच्या घरात होती. मधले लाभांश धरले तरी किसान विकास पत्राच्या जवळपासही नाही. उलट २०१६ मध्ये दोनशेला घेतलेल्या शेअरचा भाव बोनसनंतर शंभर रुपये पडला, आणि पुढच्या वर्षांत तो त्याच्या कितीतरी पट झाला. खदान तीच, कामगार तेच, कंपनी तीच. किती रुपयांना घेतलं यानंच दोघांचं नशीब ठरवलं. कुठलाही शेअर घेण्याआधी मी आजही हाच प्रश्न विचारतो: सरकार निर्धास्तपणे साडेसात टक्के देत असताना मी इथे पैसे का ठेवू?

मार्च २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रूट आयलंडवरचा मँगनीजचा धक्का मेगन नावाच्या चक्रीवादळात मोडला. जगातल्या सर्वांत मोठ्या मँगनीज खाणींपैकी एका खाणीची जहाजं थांबली. तीनशेच्या आसपास असलेला मॉईलचा भाव जुलैत ५८० च्या पुढे गेला. दर वाढले होते हे खरंच, पण धक्का पुन्हा बांधला जाणार होता हेही तितकंच खरं. एका वादळाच्या नफ्याला मी कायमचा नफा धरायला तयार नव्हतो, म्हणून उरलेल्यांतले निम्मे विकले. वर्षभरात भाव पुन्हा तीनशेच्या जवळ आला.

खदानीच्या शेजारी राहण्याचा फायदा लोक समजतात तसा नाही. चहाच्या टपरीवर ‘यंदा माल जोरात’ असं ऐकून मी काहीच करत नाही. आतली, जाहीर न झालेली बातमी वापरणं बेकायदा तर आहेच. शिवाय माल किती निघाला याहून तो कुठल्या दरानं विकला हे महत्त्वाचं, आणि ते दर कंपनी स्वतः वेळोवेळी जाहीर करून शेअर बाजाराला कळवते. ते मुंबईतल्या माणसाला आणि मला एकाच वेळी दिसतात. शेजाराचा खरा फायदा असा की अहवालातला शब्द वाचताना त्यामागचं काम डोळ्यांसमोर येतं, आणि आकडा खोटा सुंदर वाटत नाही.

‘कोणता घेऊ?’ असं कुणी विचारलं तर मी नाव सांगत नाही. तो सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते, ती माझ्याकडे नाही. अहवाल कसा वाचायचा हे मात्र कुणालाही बसून शिकवतो. परवा बारावीतली एक मुलगी आली होती. रोख प्रवाहाचं पत्रक तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं.

२०२४-२५ मध्ये मॉईलनं १८ लाख टनांचा टप्पा ओलांडला. तोवरचं ते विक्रमी उत्पादन. खोल जायचं तर नव्या उभ्या शाफ्ट हव्यात. गुमगावलाही त्याचं काम हाती घेतलेलं आहे, आणि असली कामं वर्षानुवर्षं चालतात. तोवर तो खर्च ताळेबंदात ‘प्रगतीपथावरील भांडवली कामे’ या ओळीत साचत राहतो. शाफ्ट सुरू झाली की रक्कम तिथून उठून स्थावर मालमत्तेत जाते, घसारा सुरू होतो आणि नफा थोडा खाली येतो. टन वाढले आणि घसाराही वाढला, तर दर टनामागे उरतं किती? पुढचा अहवाल आला की मी आधी त्या ओळीची टीप काढणार आहे.