पत्रीपूजा : मुलांची घरातील पहिली पाठशाळा

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली, की घराघरांत लगबग सुरू होते. समया घासल्या जातात, मखराची जुळवाजुळव होते, मोदकांसाठी तांदळाची पिठी दळून येते. मुलांच्या आनंदाला तर पारावार राहत नाही. एरवी दहा हाका मारूनही न येणारी मुले या दिवसांत देवघराभोवती आपण होऊन घोटाळतात. संस्कारास याहून अनुकूल काळ कोणता? पाणी, माती, झाडे यांची जपणूक हा विषय आज शाळेच्या पुस्तकांत आहे. परंतु ती सवय अंगवळणी पडते घरीच, आणि तिची सारी सामग्री आपल्या गणेशपूजेत पूर्वापार मांडून ठेवलेली आहे, असे आमचे मत आहे. हे आम्हांस घरातील एका बालिकेने दाखवून दिले, हेही येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

वाईच्या कृष्णाकाठी आमचे आयुष्य गेले. नदी ही माता आहे, तिला मलिन करणे हे पाप आहे, असे निरूपण आम्ही कीर्तनांतून शेकडो वेळा केले असेल. काही वर्षांपूर्वी अशाच एका कीर्तनास आमची आठ वर्षांची नात पुढेच बसली होती. दुसऱ्या दिवशी गौरी-गणपतींचे विसर्जन होते. घरचे सारे निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत भरून, वर गाठ मारून, आम्ही स्वतःच्या हाताने घाटाच्या पायरीवरून पाण्यात सोडले आणि नमस्कार केला. पिशवी बुडाली नाही. हवेने फुगून ती तरंगत राहिली. नातीने विचारले, “आजोबा, देवाला पिशवीसुद्धा वाहायची असते का?”

“चल, उशीर होतो आहे,” एवढेच म्हणून आम्ही तिला घरी आणले. रात्री मात्र झोप आली नाही. आदल्या रात्रीचे निरूपण तिने मनापासून ऐकले होते, एवढाच तिचा अपराध! मुले आपले बोलणे ऐकतात आणि आपले हातही पाहतात. दोहोंत अंतर पडले, की ती हातांचे अनुकरण करतात. तेव्हापासून आमच्या घरी जे बदल झाले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी ओळख

गणेशचतुर्थीच्या पूजेत एकवीस प्रकारची पत्री वाहतात. बाजारात मिळणारी जुडी आणून ती एकदम वाहून टाकली, तर मुलांच्या हाती काहीच लागत नाही. पुढच्या वर्षी आम्ही नातीला वही दिली आणि पूजेतील संस्कृत नावांपुढे घरगुती नावे लिहून घेतली. अपामार्ग म्हणजे आघाडा, भृंगराज म्हणजे माका, अर्क म्हणजे रुई, बृहती म्हणजे डोरली, करवीर म्हणजे कण्हेर, बदरी म्हणजे बोर. मग तिला बरोबर घेऊन ती झाडे पाहावयास निघालो. माका ओलसर बांधावर सापडला, आघाडा वाटेच्या कडेलाच होता. आजवर ज्याला ती ‘गवत’ म्हणत होती, त्याला तिच्या लेखी नाव आले. नाव कळलेले झाड मूल सहसा पायदळी तुडवीत नाही, हा आमचा अनुभव आहे.

येथे एक सावधगिरी सांगतो. धोत्रा, कण्हेर आणि रुई या वनस्पती विषारी आहेत. मुलांस त्या दुरून दाखवाव्यात, पाने वडीलधाऱ्यांनी तोडावीत, आणि मुलांनी पान वा चीक तोंडाडोळ्यांस लावू नये. पूजा होताच सर्वांनी हात स्वच्छ धुवावेत.

गोमंतकात गणपतीच्या मस्तकावर माटोळी बांधण्याची चाल आहे. रानातील फळे, कंद, पाने आणि फुले लाकडी चौकटीस टांगतात. ती गोळा करताना मुले वडीलधाऱ्यांच्या मागे रानात हिंडतात आणि हिंडता हिंडता झाडे ओळखू लागतात. पत्रीची वही आणि माटोळी, दोहोंचा धडा एकच.

मग बेताने घेणे

ओळख झाली, की दुसरा पाठ संयमाचा. पत्रीसाठी फांद्या ओरबाडून गाडीभर पाला बाजारात येतो आणि सायंकाळी त्यातील कितीतरी रस्त्यावर पडून सुकतो. पूजेस प्रत्येकी एक पान पुरते. दूर्वांचे कोवळे तुरे खुडावेत, त्या मुळासकट उपटू नयेत. कालिदासाच्या शाकुंतलातील चौथा अंक संस्कृताचे विद्यार्थी भक्तीने वाचतात. कन्येच्या पाठवणीच्या वेळी कण्वमुनी तपोवनातील वृक्षांना तिची ओळख सांगतात, ती अशी : तुम्हांला पाणी घातल्यावाचून ही स्वतः पाणी पीत नसे, आणि अलंकारांची आवड असूनही तुमच्यावरील मायेपोटी हिने कधी पालवी खुडली नाही. आपल्या लेकीची अशी ओळख सांगता यावी, याहून मोठे भाग्य ते कोणते?

एकवीस पत्रींत देवदारही आहे. तो हिमालयाचा वृक्ष. आमच्या सह्याद्रीच्या कुशीत तो कोठून मिळणार? आमच्या घरी त्या नावाला अक्षता वाहतात. नातीने विचारले, “देव रागावणार नाही?” आम्ही म्हणालो, “बाळ, जे मिळत नाही त्यावाचून पूजा अडू नये, म्हणून तर अक्षतांची सोय आहे.” हवी ती वस्तू मिळालीच पाहिजे, या हट्टावर याहून सौम्य औषध आम्हांस ठाऊक नाही. हाच न्याय मखरालाही लावावा. थर्माकोलचे मखर दहा दिवस शोभते आणि पुढे कित्येक पिढ्या कुजत नाही. घरातील जुनी पैठणी, केळीचे खुंट, झेंडूच्या माळा यांनी देवाची शोभा उणी होत नाही, आणि सजावटीत मुलांचा हातही लागतो.

मातीची माती

‘पार्थिव’ हा शब्द ‘पृथिवी’पासून आला. पार्थिव गणेश म्हणजे मृत्तिकेचा गणेश. प्लास्टर ऑफ पॅरिस ही जिप्सम भाजून केलेली पूड होय. पाणी लागताच ती घट्ट बसते, आणि एकदा बसली की पाण्यात सहजी विरघळत नाही. कच्च्या शाडूची वीतभर मूर्ती मात्र बादलीत काही तासांत विरघळते. शक्य असेल तर मूर्ती मुलांच्या हातून करवावी. सोंड किंचित वाकडी झाली तरी चालेल. रंग द्यायचाच तर गेरू आणि हळद पुरे.

घरी विसर्जन केले तर शास्त्राला चालेल का, असे अनेक माता-भगिनी आम्हांस विचारतात. आरंभी प्राणप्रतिष्ठा करून आपण देवाला मूर्तीत बोलावतो. उत्तरपूजेनंतर त्यास निरोप देऊन मूर्ती किंचित हलवितो. त्यानंतर उरते ती पवित्र माती, आणि ती जलात विलीन करावयाची असते. ते जल कृष्णामाईचे असो की घरच्या स्वच्छ बादलीचे, भावात उणेपणा येत नाही. आमच्या अंगणातील ती माती आम्ही बागेच्या मातीत मिसळतो आणि तीत दूर्वा लावतो. पुढच्या चतुर्थीस त्याच दूर्वा देवाला वाहिल्या, तेव्हा नातीच्या डोळ्यांतील कौतुक पाहण्यासारखे होते.

निर्माल्याची कुंडी

निर्माल्यासाठी तळाला भोके असलेली मोठी कुंडी घेतली. पहिल्या वर्षी आमचे चुकले. ओली फुले तेवढी कोंबली, दुर्गंधी सुटली, आणि सूनबाईंनी ती कुंडी परसाच्या टोकाला नेऊन ठेवली. मग उमगले, की फुलांच्या थरावर वाळका पाला आणि मूठभर माती हवी, आणि आठवड्यातून एकदा ते खालीवर केले पाहिजे. दोरे, जरी, प्लास्टिक आधी वेगळे काढावे. हे काम मुलांकडे द्यावे, ती ते फार काटेकोरपणे करतात. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते. आमच्याकडे ते तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तुळशीवृंदावनात घालतात.

2018 साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर कायद्याने बंदी आली. कायदा आपल्या जागी योग्यच आहे. परंतु हातातील पिशवी खाली ठेवण्याची सवय राजदंडाच्या धाकाने लागत नाही. ती घरात, आजी-आजोबांच्या शेजारी बसून लागते.

आमची नात आता मोठी झाली आहे. यंदा पत्रीची वही तिने धाकट्या भावाच्या हाती दिली. आम्ही कीर्तनास उभे राहतो, तेव्हा तो आता पुढच्या रांगेत असतो, आणि नदीविषयी बोलताना आमची दृष्टी आपोआप त्याच्याकडे जाते. घरी जे आचरिले नाही, ते त्याच्यासमोर बोलण्यास जीभ धजत नाही. वाचकहो, आपल्याही घरात असा एक लहान श्रोता बसलेला आहे. त्याच्या प्रश्नाला उत्तर देता येईल असे आचरण श्रीगजानन आपणां सर्वांकडून घडवो, हीच प्रार्थना.