वृत्ति तशी वृत्ति

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या नातीचा दहावीचा निकाल लागला. गुण चांगले पडले. पेढे वाटले गेले. आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत घरची सभा भरली. थोरल्या चिरंजीवांनीं वैद्यकी सुचविली, धाकट्यांनीं संगणक, तर सूनबाईंच्या माहेराहून फोनवर तिसरेंच मत आलें. तासभर खल झाला. परंतु जिच्या जन्मभराचें काम ठरवावयाचें, ती मुलगी दाराशीं उभी राहून ऐकत होती, आणि तिला एका शब्दानें कोणीं विचारलें नव्हतें. आम्हींहि नाहीं. सुशिक्षित कुटुंबांतून हा प्रकार दरवर्षीं घडत असल्यामुळें, या विषयावर वाचकांशीं चार शब्द बोलावे असें मनांत आलें.

संस्कृतांत 'वृत्ति' या शब्दाचे इतर अर्थांबरोबर दोन अर्थ विशेष ध्यानांत घेण्यासारखे आहेत: एक मनाचा कल, आणि दुसरा उपजीविका. पस्तीस वर्षें आम्हीं हा शब्द मुलांकडून घोकून घेतला. परंतु हे दोन अर्थ एकाच घरांत कां नांदतात, याचा विचार आम्हांस फार उशिरां सुचला. त्याचें कारण सांगणें आमच्या वयास शोभणारें नाहीं, तरी सांगतों.

शाळेंत आमचा एक विद्यार्थी होता. मधल्या सुटींत इतर मुलें खेळत, तेव्हां हा माळ्याजवळ बसून गुलाबाचा डोळा भरावयास शिके. गणितांतहि त्याचे गुण उत्तम. वडील कारकून, ते सल्ला विचारावयास आले, तेव्हां आम्हीं गुणपत्रिकेवरून नजर फिरविली आणि 'इंजिनिअरिंग' असें सांगून मोकळे झालों. शाळेची बाग आमच्या खिडकींतूनच दिसत होती. पण ती आम्हीं जमेस धरली नाहीं. तीन वर्षें मुलगा नापास होत राहिला, वडिलांची शिल्लक सरली, आणि अखेर तो घरीं परतला. आज त्याची रोपवाटिका चांगली चालते. परंतु ती पाहावयास वडील राहिले नाहींत. मुलानें आम्हांस आजवर बोल लावला नाहीं. आमचें आम्हांस मात्र तें विसरतां येत नाहीं.

कल ओळखणें म्हणजे पहिल्याच आवडीवर शिक्का मारणें, असेंहि नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांस चित्रकलेची ओढ. त्यासाठीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले. पुढें असें दिसून आलें कीं, कांहीं रंगांतील भेद त्यांच्या दृष्टीस कळत नाहीं. दुसरा कोणी निराश होऊन घरीं बसता. त्यांनीं रंग सोडला, रेषा ठेवली; यांत्रिक रेखांकन आत्मसात करून मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेंत ते तेंच शिकवूं लागले. रेषेकडून यंत्राकडे वाट होतीच. बेळगांवीं सायकलींचें दुकान, १९०३ चा लोखंडी नांगर, आणि १९१० मध्यें माळरानावर वसलेली किर्लोस्करवाडी हे तिचे टप्पे होत. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें प्रारंभीं नांगरास गिऱ्हाईक मिळेना. तरीहि त्यांनीं हात आखडला नाहीं. खऱ्या वृत्तीची ही एक खूण समजावी.

याउलट कित्येकांची वृत्ति पांच ठिकाणीं विखुरलेली दिसते, आणि घरचीं माणसें 'धरसोड' म्हणून कपाळास हात लावतात. १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे संस्कृतज्ञ शास्त्र्यांचे चिरंजीव. चित्रकला, छायाचित्रण, पुराणवस्तु खात्यांतील नोकरी, छापखाना, जादूचे प्रयोग. चाळिशीपर्यंत एकांतहि ते स्थिरावले नाहींत. परंतु १९१३ सालीं त्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हां त्यांतील बहुतेक प्रत्येक विद्या कामीं आली. येथें सरस्वतीबाईंचा वांटा विसरूं नये. त्यांनीं अंगावरचे दागिने दिले, फिल्मला भोकें पाडण्याचें काम शिकून घेतलें, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकहि संभाळला. घरानें पाठ राखली म्हणून धरसोडीचें सार्थक झालें.

आतां कोणी म्हणेल, कलानें पोट भरत नसेल तर? त्यांनीं देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचें चरित्र पाहावें. त्यांचा सारा ओढा अंकांकडे. कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी, मात्र चारी अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून मोठ्या संख्येंतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हां तेंच करीत जावें. जास्तींत जास्त सात वेळांत ६१७४ ही संख्या येते. हा अंक आज जगभर त्यांच्या नांवानें ओळखला जातो. शाळेच्या नोकरीनें घर चाललें आणि मनास मोकळीक राहिली. उपजीविका व आवड एक नसली, तरी एकीनें दुसरीचा गळा दाबूं नये, एवढें साधलें तरी पुष्कळ झालें.

मग कल ओळखावा कसा? राज्य मंडळानें २०१६ पासून कांहीं वर्षें दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. अशा चाचणीचा उपयोग आहे. पण पंधरा वर्षें एका पंक्तीस जेवणाऱ्या माणसांनीं डोळे उघडे ठेवणें अधिक उपयोगी. तीन गोष्टी पाहाव्या. न सांगतां मूल कशाकडे वळतें? त्या कामांतील कंटाळवाणा भागहि तें सोसतें काय? आणि चूक झाली असतां तें काम टाकून देतें, कीं पुन्हां आरंभ करतें? दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. क्रिकेट पाहण्याची आवड पुष्कळांस असते, पहाटे उठून सराव करण्याची थोड्यांस. इतकें झाल्यावर सुटींत महिनाभर त्या धंद्यांतील जाणत्या माणसाच्या हाताखालीं मुलास ठेवावें. वर्षांची फी भरून चूक कळण्यापेक्षां महिन्यांत कळलेली स्वस्त पडते.

असो. त्या रात्रीं सभा मोडल्यावर आम्हीं नातीस जवळ बोलावून विचारलें, "बाळ, तुला स्वतःला काय करावेंसें वाटतें?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, अजून नक्की सांगतां येत नाहीं. पण शेजारच्या आजींचें ऐकण्याचें यंत्र मी दोनदां नीट करून दिलें, तें आपल्याकडे कोणालाच ठाऊक नाहीं."

आम्हांस खरोखरच ठाऊक नव्हतें. आणि मूल आमच्या डोळ्यांदेखत वाढलें होतें. प्रवेशाचा अर्ज दुसऱ्या दिवशीं संगणकावर भरावयाचा होता. खुर्चीवर तिला बसविलें, आणि आम्ही सारे मागें उभे राहिलों.