मटार किती दाट पेरावा?

एकरी बी वाढवले की उत्पादन वाढते, हा समज अर्धाच खरा आहे. रोपे विरळ असली की प्रत्येक रोप बुडाशी फुटवे काढते, शेंगांनी लगडते. पण मधले रान मोकळे राहते, तिथले ऊन वाया जाते आणि तण माजते. रोपे वाढवत गेल्यास एकरी उत्पादन आधी झपाट्याने चढते, मग त्याची चाल मंदावते आणि शेवटी ते थांबते, कधी उतरतेही. दाटीत खालची पाने सावलीत जातात, झाडाला अन्न कमी पडते आणि ते शेंड्याकडची फुले व कोवळ्या शेंगा गाळून टाकते. सर्वांत आधी घटते ती झाडावरच्या शेंगांची संख्या. शेंगेतले दाणे त्यामानाने कमी घटतात, दाण्याचे वजन फारसे हलत नाही. रोपे दुप्पट आणि शेंगा निम्म्या झाल्या, तर पदरात बियाण्याचा जादा खर्चच पडतो. हा खर्च लहान नसतो, कारण मटाराचा दाणा मोठा. हजार दाण्यांचे वजन 200 ग्रॅम धरले, तर चौरस मीटरला 40 रोपांसाठी हेक्टरी 80 किलो बी लागते; उगवण 80 टक्केच असेल तर 100 किलो. म्हणून माझ्या मते उत्पादनाच्या कळसाच्या थोडे अलीकडे, जिथे शेवटचे किलोभर बी जेमतेम आपली किंमत फेडते, तिथे थांबावे.

यावर कोणी म्हणेल, इंग्लंडमध्ये गोठवायच्या मटाराला चौरस मीटरमागे शंभराच्या आसपास रोपे ठेवतात, आणि आपण 30 बाय 10 सेंटीमीटरवर 33 ठेवतो. मग आपण मागे नाही का? तिथे यंत्र एकदाच फिरते. फुटव्यांवरच्या शेंगा उशिरा भरतात, त्या यंत्राला नकोत. दाटीमुळे फुटवे कमी येतात आणि सगळे पीक एकदम तयार होते. पुरंदरच्या मटाराची हाताने दोन-तीनदा तोडणी होते, त्यामुळे उशिराची शेंग पुढच्या तोडणीत जाते. शिवाय खरिपाच्या पावसात दाट पीक लवकर वाळत नाही आणि जमिनीला टेकलेल्या शेंगा कुजतात.

दाट पिकात तण दबते, हा मुद्दा मात्र मान्यच केला पाहिजे, कारण मटार तणापुढे दुबळा. पण तेवढ्यासाठी रोपे वाढवायलाच हवीत असे नाही. 45 बाय 5 आणि 22.5 बाय 10, दोन्हींत चौरस मीटरला 44 रोपे बसतात. पहिल्यात ती ओळीत एकमेकांना खेटतात, दुसऱ्यात पसरून जमीन लवकर झाकतात. ओळी फार जवळ आणल्या तर कोळपे चालत नाही, म्हणून 30 सेंटीमीटर हे मधले अंतर मला पटते. उगवणीनंतर अशा ओळीवर मीटरभर दोरी धरून रोपे मोजावीत. दहाच्या जागी सहाच भरली तर लगेच नांग्या भराव्यात; आर्केलसारखी लवकर येणारी बुटकी जात फुटवे कमी काढते, ती हे खिंडार स्वतः भरून काढत नाही.