खुर्ची धरणारा माणूस

बँकेच्या नोकरीत 'खुर्ची धरून बसणे' या शब्दप्रयोगाला फारसा चांगला वास नाही. बदलीची ऑर्डर आली तरी जो हलत नाही, निवृत्ती दारात आली तरी ज्याच्या हातून तिजोरीची किल्ली सुटत नाही, अशा माणसाबद्दल आम्ही तो वापरायचो. मी स्वतः सदतीस वर्षे या ना त्या शाखेतली खुर्ची धरून होतो. पण दुसऱ्याची खुर्ची धरणे म्हणजे काय, हे मला कळले ते निवृत्तीनंतर. तेही घरापासून हजारो मैलांवर, मध्यरात्री, एक अनोळखी खेळ टीव्हीवर पाहताना.

2022 चा मार्च महिना होता. आम्ही दोघे लेकीकडे कॅनडात, कॅलगरीला गेलो होतो. बाहेर बर्फ, आत हीटरची ऊब आणि झोपेचे पार खोबरे झालेले. आपल्याकडची दुपार ती तिथली मध्यरात्र. शरीराला कोण समजावणार? सगळे घर झोपले की मी आवाज बंद करून टीव्ही लावून बसायचो. त्या आठवड्यात बीजिंगला हिवाळी पॅरालिंपिक चालू होते. एका रात्री पडद्यावर पांढरीशुभ्र, लांबलचक पट्टी दिसली. तिच्या एका टोकाला चाकांच्या खुर्चीत बसलेली एक प्रौढ बाई. तिच्या हातात लांब काठी, काठीच्या टोकाशी मूठ असलेला एक गोल दगड. आणि तिच्या मागे, दुसऱ्या चाकांच्या खुर्चीत बसलेला एक माणूस. त्याने तिची खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

मला वाटले, आता हा ढकलणार. पण तो ढकलेना. बाईने वेळ घेतला, नजर लावली, काठी पुढे सारली. दगड संथपणे निघाला. मागचा माणूस जागचा हलला नाही. दगड पार पलीकडे जाऊन थांबला तेव्हा कुठे त्याने हात सोडले.

हा खेळ म्हणजे व्हीलचेअर कर्लिंग. मूळ कर्लिंग स्कॉटलंडमधले, काही शतकांपूर्वीचे. गोठलेल्या तळ्यावर दगड सरकवणे हा तिथल्या शेतकऱ्यांचा थंडीतला विरंगुळा. आज ज्या दगडांनी खेळतात ते ग्रॅनाइटचे, वजनाला जवळजवळ 20 किलो. त्यांतले नामांकित दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या छोट्या बेटावरच्या ग्रॅनाइटचे. आपल्याकडच्या पाट्या-वरवंट्याला जसा सगळाच दगड चालत नाही, तसेच हे.

समजून घ्यायचे तर कॅरमची आठवण ठेवावी. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला बर्फात बारा फूट व्यासाचे वर्तुळ आखलेले असते. त्याला 'हाऊस', म्हणजे घरच म्हणतात. दोन्ही संघांतले चौघे प्रत्येकी दोन दगड सोडतात. आठ आणि आठ सोळा दगड संपले की एक डाव संपला. घराच्या मध्यबिंदूच्या सर्वांत जवळ ज्याचा दगड, त्यालाच त्या डावाचे गुण, दुसऱ्याला भोपळा. असे आठ डाव. आपला दगड घरात न्यायचा, प्रतिस्पर्ध्याचा बाहेर घालवायचा, नाहीतर आपल्याच दगडापुढे दुसरा दगड राखणीला ठेवायचा. सोडताना मूठ किंचित फिरवली की दगड स्वतःभोवती सावकाश फिरत वळण घेतो. समोरचा दगड चुकवून त्याच्या मागे जाऊन बसतो. कॅरममध्ये राणीच्या आड सोंगटी लपते ना, अगदी तसा.

एक नियम मला फार आवडला. ज्या संघाने डाव गमावला, त्याला पुढच्या डावात शेवटचा दगड टाकायला मिळतो. शेवटचा दगड म्हणजे मोठाच फायदा. हरलेल्याच्या हाती शेवटचा शब्द देणारा खेळ मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आता खरी गोष्ट. नेहमीच्या कर्लिंगमध्ये दगड सुटला की दोन गडी झाडू घेऊन त्याच्यापुढे धावतात आणि बर्फ घासत सुटतात. घासण्याने बर्फ किंचित तापतो, घर्षण कमी होते, दगड आणखी काही मीटर जातो, वळायचा तो सरळ राहतो. म्हणजे टाकणाऱ्याची चूक साथीदारांना वाटेत थोडीफार सावरता येते. व्हीलचेअर कर्लिंगमध्ये झाडूच नाही. घसरत्या बर्फावर दगडापुढे खुर्ची पळवत घासणार कोण? म्हणून घासणे बंद. दगड हातावेगळा झाला की झाला. अलीकडच्या रेषेच्या आत तो सोडावा लागतो. तिथून पलीकडच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर 28 मीटरांच्या वर. एवढ्या अंतरासाठी जोर, दिशा आणि वळण हे तिन्ही सोडतानाच नेमके हवे. नंतर सगळ्यांनी फक्त बघत राहायचे. बँकेत आम्ही चुकलेली नोंद दुसऱ्या दिवशी उलटी नोंद करून दुरुस्त करायचो. इथे ती सोय नाही.

म्हणून जी काही मदत करायची ती आधी. शाळेत शिकलेला न्यूटनचा नियम इथे आडवा येतो: 20 किलोचा दगड पुढे ढकलला की खुर्ची मागे सरकू पाहते. खुर्ची इंचभर हलली तर पलीकडे दगड हातभर चुकणार. पाय बर्फाला टेकवायचे नाहीत, असाही नियम आहे. तेव्हा मागच्या साथीदाराने एकच करायचे: खुर्ची धरायची. ढकलायची नाही, वळवायची नाही, सुचवायचे नाही. पुढच्याचा जोर पुरता दगडाला मिळावा म्हणून आपण खांबासारखे स्थिर राहायचे. जगज्जेत्यांनाही असा धरणारा लागतो. आणि पुढच्या पाळीला धरणारा टाकणारा होतो.

या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा 2002 साली स्वित्झर्लंडमधल्या सुरसे गावी झाली. पॅरालिंपिकमध्ये तो आला 2006 ला, इटलीत तुरीनच्या वेळी. बर्फावरच्या चौघांत स्त्री आणि पुरुष दोन्ही हवेत हा नियम असल्याने एकाच संघात कुणाची आजी आणि कुणाचा तरणाताठा मुलगा शेजारी बसलेले दिसतात. तुरीन, 2010 चे व्हँकुव्हर आणि 2014 चे सोची ही तिन्ही सुवर्णपदके कॅनडाने नेली. व्हँकुव्हरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाने त्यांना 8-7 पर्यंत घामाघूम केले. 2018 ला प्याँगचँगमध्ये चीनने नॉर्वेला जादा डावात 6-5 असे हरवले, आणि हिवाळी पॅरालिंपिकमधले चीनचे ते पहिलेवहिले पदक ठरले. बीजिंगला चीनने स्वीडनला 8-3 असे हरवून ते राखले. कॅनडाला कांस्यपदक मिळाले. 2026 च्या मिलान-कोर्तिनाच्या कार्यक्रमात मिश्र दुहेरीची भर घालण्यात आली.

पदकांपेक्षा मला माणसांचे कुतूहल अधिक, कादंबरीकाराची खोड. लेकीला विचारून विचारून मी त्यांच्याबद्दल वाचत गेलो. सोन्या गॉडे 1997 मध्ये घोड्यावरून पडल्या. पुढे तीन पॅरालिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके. इना फॉरेस्ट एकविसाव्या वर्षी दारू प्यालेल्या चालकाच्या गाडीमुळे जायबंदी झाल्या. 2010 आणि 2014 ला सुवर्ण, 2018 आणि 2022 ला कांस्य, आणि बीजिंगला देशाचा ध्वज धरण्याचा मान. जिम आर्मस्ट्राँग हे पेशाने दंतवैद्य, चालत्या पायांनी खेळणाऱ्यांत आधीच नावाजलेले. पाठ आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर ते खुर्चीत बसून त्याच बर्फावर परतले आणि व्हँकुव्हरला कर्णधार म्हणून जिंकले. यांतल्या कुणाचीच गोष्ट अपघातापाशी संपत नाही. आपण मात्र अशा माणसाची ओळख करून देताना अपघातापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. पाहा ना, आत्ता मीही तेच केले!

हे सगळे मला इतके का लागले, ते सांगायला हवे. माझा धाकटा भाऊ गेली तीस-बत्तीस वर्षे चाकांच्या खुर्चीत आहे. रात्रपाळीहून परतताना मोटारसायकल घसरली, मणक्याला मार बसला. तेव्हापासून मी त्याचा मोठा भाऊ राहिलो नाही, त्याचा व्यवस्थापक झालो. डॉक्टर काय म्हणाले हे त्याच्या आधी मला कळायचे. लग्नाकार्यात चार जणांना हाताशी धरून त्याची खुर्ची मी उचलून थेट स्टेजवर नेऊन ठेवायचो. 'अरे, विचार तरी,' असे तो कधी म्हणाला नाही. मीही विचारले नाही.

एक प्रसंग आहे. मी शाखाधिकारी असताना तो माझ्याच शाखेत मुदतठेवीच्या कामासाठी आला. शाखेला पाच पायऱ्या. मी लगबगीने बाहेर गेलो, फॉर्म आणि शाईचे पॅड घेऊन. फूटपाथवरच त्याच्या सह्या घेतल्या, पावती हातात दिली. मला वाटले, केवढी ही सेवा! स्टाफनेही कौतुक केले. संध्याकाळी तो शांतपणे म्हणाला, "दादा, आज तू माझे पैसे रस्त्यावर मोजलेस." मला राग आला. 'केले तरी बोलणी' असे मी बायकोजवळ बोलूनही दाखवले. त्या पाच पायऱ्यांशेजारी उतार बांधावा म्हणून साधा एक प्रस्ताव वर पाठवावा, हे मात्र माझ्या डोक्यात आले नाही. अर्थात, प्रस्ताव लिहिणे हेच माझे रोजचे काम होते.

आपल्याकडे कायदा 1995 ला आला, त्याहून व्यापक असा 2016 ला आला. 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले. शब्द चढत गेला. पायऱ्या बऱ्याच ठिकाणी आहेत तिथेच आहेत. आणि आपल्याला उदाहरणे कमी होती असेही नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. 2018 ला त्यांना पद्मश्री मिळाली, 2024 ला त्यांच्यावर चित्रपट आला. पदक आणि पद्मश्री यांच्यामध्ये किती वर्षे गेली, तेवढी वजाबाकी वाचकांनी स्वतःच करावी. बँकवाल्याने केली तर ती टोचेल.

त्या कॅलगरीच्या रात्री मी पडद्याकडे बघत बसलो होतो आणि मला पुन्हा पुन्हा मागचा माणूस दिसत होता. ज्याच्याकडे कॅमेरा क्वचितच जातो तो. मी तीस वर्षे समजत होतो की मदत म्हणजे ढकलणे. आणि जमले नाही तर पुढे धावत जाऊन झाडूने वाट घासणे. धाकट्याचा एकही दगड मी त्याच्या जोरावर, त्याच्या चुकीसकट जाऊ दिला नव्हता. मग तो चुकणार कसा आणि जिंकणार तरी कसा?

एप्रिलअखेर आम्ही परतलो. त्याला मी खेळाविषयी सांगितले, मोबाइलवर एक सामनाही दाखवला. त्याने शेवटपर्यंत पाहिला. "बाईंचा हात चांगला आहे," एवढेच म्हणाला. फूटपाथच्या प्रसंगाबद्दल मला काही बोलायचे होते, ते राहूनच गेले. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही. चहा पुढे करायची आहे.

पुढच्या आठवड्यात त्याला बाहेर जायचे होते. दारात रिक्षा उभी होती. एरवी मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उचलून आत बसवतो. त्या दिवशी हात पुढे केले आणि मागे घेतले. तीस वर्षांत प्रथमच विचारले, "मी काय करू?"

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग म्हणाला, "काही नको. मागून खुर्ची धर. ब्रेक सैल झालाय."

मी धरली. त्याने रिक्षाची दांडी पकडली, एक हात सीटवर टेकवला, थांबला, श्वास घेतला. एकदा प्रयत्न फसला. मागे एक मोटार हॉर्न वाजवत होती. रिक्षावाला मदतीला उतरू लागला, त्याला मी मानेनेच नको म्हटले. दुसऱ्या खेपेला धाकटा सरकत सरकत सीटवर जाऊन बसला, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला आणि शर्टाची कॉलर नीट केली.

"सोड आता," तो म्हणाला.

मी अजून खुर्ची घट्ट धरून उभा होतो.