अभंग सिनेमातला, बियाणं घरचं

मे महिन्यात लोहा तालुक्यातल्या एका गावी सोयाबीनच्या उगवण चाचणीचं प्रात्यक्षिक घ्यायला गेलो होतो. मारुतीच्या पारावर ओलं गोणपाट अंथरलं, तोच भजनी मंडळातल्या एका बाबांनी बीजाचा तो प्रसिद्ध अभंग धरला. सगळा पार टाळ्या वाजवू लागला. अभंग संपल्यावर बाबा म्हणाले, ‘‘साहेब, बियाण्याचं ग्यान आमच्या तुकोबानं कवाच सांगून ठेवलंय!’’

खरं सांगायचं तर हा अभंग तुकोबांच्या गाथेत नाही. तो लिहिला शांताराम आठवले यांनी, पुण्याच्या प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या 1936 सालच्या बोलपटासाठी. चाल केशवराव भोळ्यांची, दिग्दर्शन दामले-फत्तेलालांचं. अयोध्येच्या राजाने 1932 साली मराठी पडद्याला वाचा फुटली, त्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती. ‘संत तुकाराम’चा पुढे 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. पण खरा गौरव गावोगावी झाला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तरी जत्रेतल्या तंबूतून, भजनाच्या फडातून सिनेमा इथवर पोचला. तुकोबा म्हटलं की आजही कित्येकांच्या डोळ्यांपुढे विष्णुपंत पागनीसांचाच चेहरा येतो.

बाबांना हे सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले, मग हसून म्हणाले, ‘‘असंल. लिहिणाराबी वारकऱ्याच्याच मनाचा म्हणायचा!’’

अभंगाचं ठीक आहे. कोणी लिहिला हे न विचारता म्हटला, तरी गोडी कमी होत नाही. बियाण्याचं तसं नाही. ‘घरचंच हाय, उगवणारच’ हेही आपण ऐकत आलो, विचारलं कधी नाही. त्याच पारावर बसलेल्या एका शेतकऱ्याला मागल्या खरिपात दुबार पेरणी करावी लागली होती. बियाणं गेलं, मजुरी गेली, वरून ओलही गेली.

म्हणून पेरणीआधी एवढं करा. पोत्यातून सरसकट शंभर दाणे घ्या, निवडून नव्हे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. सत्तरच्या खाली दर एका दाण्यामागे अर्धा किलो वाढवा. साठच्याही खाली आलं तर ते बियाणं पेरू नका. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, पोती आपटू नका. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण धरू नका.

आठवड्यानं पुन्हा गेलो. बाबांनी स्वतः गोणपाट उलगडलं. एकसष्ट कोंब. ‘‘दर साली तसंच पेरत होतो की,’’ ते हळूच म्हणाले.

ग्रामसेवक, सरपंचांनी ही चाचणी यंदा पारावरच करून घ्यावी. भजनाला लोक जमतातच.