घोडे वाढवावेत, पण लगाम हाती असावा



मोटारीचे वेड हे तारुण्याचे एक लक्षणच आहे. मोटार विकत घेऊन तरुणाचे समाधान होत नाही. तिचे इंजिन अधिक जोरात कसे धावेल, शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा आपल्या गाडीत घोडे अधिक कसे भरतील, याचा विचार त्याच्या डोक्यात घोळू लागतो. या वेडाला आम्ही नावे ठेवणार नाही. यंत्राची जिज्ञासा ही विद्याच आहे. परंतु शक्ती वाढवणे म्हणजे काय, आणि तिची किंमत कोठे मोजावी लागते, हे आधी समजून घ्यावे. यासाठी इंग्लंडातील बेंटले मोटारीच्या इतिहासासारखा दुसरा धडा नाही.

प्रथम 'घोडा' म्हणजे काय ते पाहू. वाफेच्या यंत्राचा सुधारक जेम्स वॉट याला आपली यंत्रे विकायची होती. गिऱ्हाईक विचारी, हे यंत्र माझ्या किती घोड्यांचे काम करील? म्हणून वॉटने घोड्याच्या कामाचे माप ठरवले: एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या मापाने ती सुमारे ७४६ वॉट होते. पुढे १८७७ मध्ये विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने पाण्याचा ब्रेक लावून इंजिनाची शक्ती मोजण्याचे साधन काढले. ब्रेकने मोजलेली ती 'ब्रेक अश्वशक्ती'. गाडीच्या माहितीपत्रकातील आकडा बहुधा हाच असतो.

गंमत अशी की इंग्लंडात अश्वशक्तीवर कर होता. १९२१ पासून मोटारीला दर अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड भरावा लागे. मात्र ही अश्वशक्ती मोजून काढलेली नसे, गणिताने काढलेली असे. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यावा, त्याचा वर्ग करावा, सिलिंडरांच्या संख्येने गुणावे आणि अडीचने भागावे. या सूत्रात दट्ट्या किती लांब धावतो याला जागाच नव्हती. त्यामुळे इंग्रज कारागिरांनी अरुंद आणि उंच सिलिंडर बनवले. अमेरिकेत असा कर नसल्याने तेथे रुंद सिलिंडरांची इंजिने वाढली. शेव्हरोलेचे १९७० सालचे ४५४ घनइंची, म्हणजे सुमारे ७.४ लिटरचे 'बिग ब्लॉक' इंजिन हे त्याच वंशातले. कराचा कायदा यंत्राचा आकार कसा ठरवतो, हे विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे उदाहरण आहे.

आता शक्ती वाढते कशी? इंजिन म्हणजे श्वास घेणारे यंत्र. पेट्रोल घालणे सोपे आहे, ते जाळण्यापुरती हवा आत नेणे कठीण आहे. एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. म्हणून शक्ती वाढवण्याचे सारे उपाय एका प्रश्नापाशी येतात: इंजिनाने अधिक हवा कशी घ्यावी आणि तिचा अधिक उपयोग कसा करावा? त्याचे मार्ग चार. एक, सिलिंडर मोठे किंवा अधिक करणे. दोन, झडपा, कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर आणि धुराची नळी सुधारून श्वास मोकळा करणे. तीन, दाब वाढवणे, म्हणजे तेच मिश्रण अधिक आवळून जाळणे. चार, पंख्याने हवा बळेच कोंबणे.

डब्ल्यू. ओ. बेंटले हे सुरुवातीला फ्रेंच डी.एफ.पी. मोटारी विकत. पहिल्या महायुद्धापूर्वीच त्यांनी त्या गाडीत लोखंडी दट्ट्यांऐवजी ॲल्युमिनियमचे दट्ट्ये बसवले. हलका दट्ट्या वेगाने फिरू शकतो आणि उष्णता लवकर बाहेर टाकतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे त्यांनी स्वतःची कंपनी काढली. तिच्या दोन गाड्या आमच्या विषयासाठी महत्त्वाच्या आहेत. एक साडेचार लिटरची, चार सिलिंडरांची. दुसरी साडेसहा लिटरची, सहा सिलिंडरांची. दोहोंचा सिलिंडर सारखाच: व्यास १०० मिलिमीटर, दट्ट्याची धाव १४० मिलिमीटर. वरील सूत्राने पहिली २४.८ कराच्या घोड्यांची होते. प्रत्यक्षात ती सुमारे ११० घोड्यांची शक्ती देई.

अधिक शक्ती हवी झाली तेव्हा बेंटले यांनी मोठ्या इंजिनाचा मार्ग धरला. साध्या साडेसहा लिटर गाडीत १४७ घोडे होते. तिला दोन कार्ब्युरेटर, अधिक दाब आणि नवा कॅमशाफ्ट देऊन १९२८ मध्ये 'स्पीड सिक्स' निघाली. तिचे घोडे १८० झाले, शर्यतीच्या गाडीत २०० पर्यंत गेले. म्हणजे मार्ग पहिला, दुसरा आणि तिसरा.

त्यांच्याच संघातील शूर चालक सर हेन्री बर्किन यांना चौथा मार्ग पसंत होता. ॲम्हर्स्ट व्हिलियर्स यांनी बनवलेला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्या बळावरच फिरणारा हवेचा पंप, त्यांनी साडेचार लिटर गाडीच्या नाकावर बसवला. पैसा डॉरथी पॅजेट या श्रीमंत बाईंनी दिला, काम वेल्विन गार्डन सिटी येथे झाले. रस्त्यावरील गाडीत ११० चे १७५ घोडे झाले, शर्यतीच्या गाडीत सुमारे २४०. हिशेब करून पाहा. साध्या गाडीत लिटरमागे २५ घोडे, स्पीड सिक्समध्ये सुमारे २७, आणि बर्किन यांच्या शर्यतीच्या गाडीत जवळजवळ ५५! त्याच लोखंडावर दुप्पटीहून अधिक भार. बेंटले यांना हा प्रकार मुळीच मान्य नव्हता. परंतु कंपनीची सूत्रे तोवर वूल्फ बार्नाटो यांच्या हाती होती आणि त्यांनी संमती दिली.

१९३० च्या जून महिन्यात फ्रान्समधील ल मां येथे चोवीस तासांच्या शर्यतीत दोन्ही मार्गांची परीक्षा झाली. बर्किन यांनी जर्मन चालक काराचिओला यांच्या मर्सिडिजला असे पिटाळले की जगाने बोटे तोंडात घातली. मागच्या चाकाच्या टायरचा थर सुटलेला असताना, चाके गवतावर घालून त्यांनी तिला मागे टाकले. परंतु सुपरचार्जरच्या दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. मर्सिडिजही थांबली. स्पीड सिक्स मात्र पहिली आणि दुसरी आली. ज्या गाडीने अंगात बळ राखून ठेवले, तीच शेवटपर्यंत गेली.

मात्र बर्किन यांचा मार्ग वाया गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३२ मध्ये त्यांनी सरे परगण्यातील ब्रुकलँड्सच्या बाहेरच्या मार्गावर ताशी १३७.९६ मैलांचा विक्रम केला. छोट्या धावेत कोंबलेली शक्ती कामी येते. पुढे जॉन कॉब यांनी तेथे १९३५ मध्ये १४३.४४ मैलांचा वेग गाठला, तो सुमारे चोवीस लिटरच्या विमानी इंजिनाने, आणि सुपरचार्जरविना.

त्याच ब्रुकलँड्सवर एक दुःखाची गोष्टही घडली. १९२९ आणि १९३० ची ल मां जिंकणाऱ्या स्पीड सिक्स गाडीत पुढे आठ लिटरचे इंजिन घातले गेले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पाचशे मैलांच्या शर्यतीत ती गाडी उतरणीच्या वळणाच्या माथ्यावरून बाहेर गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी यांचा अंत झाला. नामांकित गाडी, कसलेला चालक, तरीही वेग असा की मार्गाची कड क्षणात संपते. इंजिनाच्या ताकदीला टायर, ब्रेक आणि रस्ता यांची साथ हवीच, आणि तीही पुरेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

१९३१ मध्ये बेंटले कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती घेतली. १९५९ मध्ये दोन्ही नावांच्या गाड्यांना व्ही आकाराचे आठ सिलिंडरांचे मोठे इंजिन मिळाले. घोडे किती, असे विचारले तर 'पुरेसे' असे उत्तर देण्याची तेथे परंपरा होती. पुढे हे इंजिन पावणेसात लिटरचे झाले. १९८२ मध्ये 'मल्सान टर्बो' निघाली. टर्बो म्हणजे वाया जाणाऱ्या धुराच्या जोराने फिरणारा हवेचा पंप. बेंटले १९७१ मध्येच वारले होते. ज्या हवा कोंबण्यास त्यांचा विरोध, तिनेच त्यांच्या नावाला नवे जीवन दिले! परंतु पाहा, त्या गाडीचा जोर वाढला, अंग मात्र मऊच राहिले होते. म्हणून १९८५ मध्ये 'टर्बो आर' काढून सस्पेन्शन घट्ट केले. त्यातील 'आर' हे अक्षर रस्त्यावरील पकडीचेच. त्याच वंशातले इंजिन शेवटी ५३० घोड्यांपर्यंत पोहोचले आणि २०२० मध्ये क्रू येथे त्याचे उत्पादन थांबले. साठ वर्षे लागली. घाई कोणी केली नाही.

यातून आमच्या तरुणांनी काय घ्यावे? शक्ती वाढवण्याआधी इंजिनाची प्रकृती पाहावी. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. एक सिलिंडर खचलेला असेल तर नवा कार्ब्युरेटर म्हणजे आजाऱ्याला धावायला लावणे. मग प्लग, झडपांतील अंतर आणि ठिणगीची वेळ बरोबर करावी. पुष्कळदा हरवलेले घोडे येथेच सापडतात. दाब वाढवल्यास इंजिन ठोकू लागते. सर हॅरी रिकार्डो यांनी दाखवून दिले की ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते, तेव्हा हा ठोका होतो. तो ऐकू येऊनही गाडी दामटली तर दट्ट्याला भोक पडते. मिश्रणात पेट्रोल कमी पडले तरी तीच गत. म्हणून अधिक दाबाला अधिक ऑक्टेनचे पेट्रोल हवे. एका वेळी एकच बदल करावा, मोजावे, वहीत लिहावे, मगच पुढचे पाऊल टाकावे. आणि सर्वांआधी ब्रेक व टायर यांवर पैसा खर्च करावा.

विलायतेत स्थायिक झालेल्या आपल्या आप्तांच्या मुलांना एवढे आणखी सांगावे: तेथे गाडीत बदल केला की विमा कंपनीला कळवावे लागते, न कळवल्यास अपघाताच्या वेळी भरपाई नाकारली जाऊ शकते. इंजिनाचा आकार बदलला तर नोंदणीच्या कागदातही बदल करून घ्यावा लागतो. वेगाची हौसच असेल तर बेडफर्डशायरमध्ये जुन्या विमानतळावर १९६६ पासून सँटा पॉड ही सरळ धावपट्टी आहे. तेथे साध्या रस्त्यावरची गाडीही आणता येते आणि वेळ घड्याळ सांगते. सार्वजनिक रस्ता ही शर्यतीची जागा नव्हे. तेथे इतरांची लेकरे चालतात.

आमच्या बेटावरचे रस्ते तर त्याहून अरुंद. उसाच्या शेतांतून वळण घेणाऱ्या वाटेवर पलीकडून कोण येते ते दिसत नाही. आमचे पूर्वज बैल जुंपताना आधी जू आणि दोर तपासत, मग चाबूक हाती घेत. त्यांच्या नातवंडांनी दोनशे घोडे जुंपावेत, आम्हांस आनंदच आहे. क्रम मात्र तोच ठेवावा.