रविवारची साफसफाई आणि रोजचा पाव तास



रविवारी सकाळी विहारात मुलांचा वर्ग असतो. गेल्या वर्षावासात आम्ही वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या बाया तिथे ताप-खोकल्याची विचारपूस करायला जात होतो. तीन-चार रविवार गेल्यावर एक गोष्ट डोळ्यात भरली. मुलगे येत होते, पण सातवी-आठवीच्या मुली येत नव्हत्या. घरी जाऊन विचारलं तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळालं, "आज साफसफाई काढलीय, ती कशी येणार?" आई आठवडाभर चार घरची धुणीभांडी करते आणि तिला मोकळीक मिळते ती रविवारीच. म्हणून घरातलं सगळं काम रविवारवर ढकललेलं. पोरगी मोरीत पिंप घासतेय आणि तिचा भाऊ विहारात पंचशील म्हणतोय, असं चित्र आम्ही एकाच सकाळी दोन्ही ठिकाणी पाहिलं.

आईला दोष देण्यात अर्थ नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे पसारा होणारच. पण आठवड्याचं काम एका दिवशी उरकण्याऐवजी रोज दोनदा पाव पाव तासात वाटून घेतलं, तर मुलगी मोकळी होते आणि घरातला आजारही कमी होतो. मुलगी कशी मोकळी होते ते सरळ आहे. आजार कसा कमी होतो ते नीट सांगावं लागेल.

डेंगीपासून सुरुवात करू. डेंगीचा डास गटारात वाढत नाही. त्याला आपल्या घरातलं स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे प्रत्येक भांडं आठवड्यातून एकदा रिकामं, घासलेलं आणि कोरडं झालं तर ही साखळी तुटते. महानगरपालिकेचे लोक "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा" म्हणतात तो याचसाठी. सल्ला बरोबर आहे, पण तो ज्यांच्या घरी चोवीस तास नळ आहे त्यांना सोपा. आपल्याकडे नळ येतो ठरलेल्या वेळी, थोडा वेळ. सगळी भांडी एकाच दिवशी उपडी घातली तर त्या दिवशी घर प्यायचं काय? म्हणून बाया मान हलवतात आणि भांडी भरलेलीच राहतात.

आम्ही यावर साधी युक्ती काढली, एका दिवशी एकच भांडं. सोमवारी माठ, मंगळवारी स्टीलचा हंडा, बुधवारी कळशा, गुरुवारी बादल्या, शुक्रवारी छोटा ड्रम, शनिवारी मोठं पिंप. ज्याची पाळी असेल त्याचं पाणी आदल्या दिवशीपासून आधी वापरायचं, म्हणजे नळ येईपर्यंत तळाशी थोडंच उरतं. ते संडासला वापरा. अळ्या दिसल्या तर आधी कापडातून गाळा आणि कापड उन्हात टाका, कोरड्यात अळ्या मरतात. मग काथ्याने भांडं आतून घासा, विशेषतः पाण्याची रेघ असते त्याच्या वरचा भाग. मादी डास अंडी पाण्यात सोडत नाही, ती पाण्याच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरडी राहूनही महिनोन्महिने जिवंत असतात. नुसतं पाणी ओतून पुन्हा भरलं तर ती भिजतात आणि अळ्या बाहेर पडतात. "आम्ही तर पाणी बदलतो, तरी डेंगी झाला," असं सांगणाऱ्या घरांत हेच झालेलं असतं. एक भांडं घासायला दहा मिनिटं पुरतात. भरल्यावर वरून जुन्या साडीचं जाड फडकं ताणून बांधा. वाकडं झाकण डासाला अडवत नाही.

२०२४च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले, त्यात गरोदर बाया होत्या. झिका पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा करू शकतो. तो पसरवणारा डास हाच. त्यामुळे घरात कुणी गरोदर असेल तर या पाळीत एक दिवसही खाडा नको. आणि हो, बुद्धमूर्तीपुढच्या फुलदाणीचं पाणी रोज बदला, फुलदाणीही आतून पुसा. तिथे अळ्या सापडल्यावर एका आजीबाई आमच्यावरच रागावल्या होत्या. मग त्यांनी स्वतः चष्मा लावून पाहिलं.

स्वच्छतेचं नाव काढलं की आपल्यातल्या अनेकांना बोचतं, आणि ते बोचणं खरं आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शहर झाडलं त्यांनाच घाण म्हटलं गेलं. आजही पुण्याचा कचरा वेचणाऱ्यांत दलित बायाच जास्त आहेत. १९९३मध्ये त्यांनी कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि २००८मध्ये स्वच्छ सहकारी संस्थेमार्फत महानगरपालिकेशी करार करून दारोदार कचरा घेण्याचं काम हक्काचं करून घेतलं. तुमच्या दारात येणारी ताई आपल्यातलीच आहे. ओला-सुका कचरा वेगळा द्या. पॅड आणि लहान बाळाचे डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे तिला ते हाताने उघडून पाहावं लागणार नाही. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बायांना ज्या गोष्टी सांगितल्या त्यात स्वच्छता होती, आणि तिच्या जोडीला व्यसनांपासून दूर राहणं, मुलांना शिकवणं, त्यांच्या लग्नाची घाई न करणं हेही होतं. ही स्वच्छता सोवळ्याची नाही. सोवळं माणसाला लांब करतं. आपली स्वच्छता माणूस जगवण्यासाठी आहे.

हे टीबीच्या बाबतीत रोज दिसतं. घरात टीबी निघाला की पहिल्यांदा ताट, पेला आणि अंथरूण वेगळं होतं. आपणच आपल्या घरात शिवाशिव सुरू करतो! टीबी ताटातून पसरत नाही, कपड्यातून पसरत नाही. फुप्फुसाच्या टीबीचा रुग्ण खोकतो, बोलतो तेव्हा जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. म्हणून ताट वेगळं करू नका, हवा खेळती करा. दार-खिडकी उघडा, डासांसाठी खिडकीला जाळी लावा. रुग्णाने तोंडावर रुमाल धरावा, थुंकी झाकणाच्या डब्यात टाकावी, गोळ्या एकही दिवस चुकवू नयेत. विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच घाणीत पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन स्वच्छ केलं.

त्याच विनयपिटकात, चुल्लवग्गात, भिक्खूने राहण्याची जागा कशी झाडावी हेही बारकाईने दिलंय. आधी अंथरूण-पांघरूण बाहेर काढावं, मग वरची जळमटं, मग खिडक्या आणि कोपरे, शेवटी जमीन. मातीची जमीन आधी पाणी शिंपडून झाडावी, म्हणजे धूळ उडत नाही. दमेकरी असलेल्या घरांना आम्ही आज हेच सांगतो. कोरड्या केरसुणीने फराफरा झाडलं की धूळ उडून छातीत जाते. फरशी असेल तर ओलं फडकं पिळून पुसा.

आता वेळ. सकाळचा पाव तास उठल्या उठल्या. प्रत्येकाने आपलं अंथरूण आपण उचलायचं, पाच वर्षांच्या मुलानेसुद्धा, वाकडीतिकडी घडी चालेल. गोधड्या दोरीवर किंवा पत्र्यावर उन्हात. दार उघडं, झाडलोट, केर सुपलीत. नळ आला की त्या दिवशीचं एक भांडं. संध्याकाळचा पाव तास जेवणानंतर. भांडी रात्रभर खरकटी ठेवू नका, त्याने उंदीर आणि झुरळं येतात. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, तेव्हा रात्री उघडं राहिलेलं अन्न सकाळी खाऊ नका. मोरीत एक बादली आणि खराटा. दप्तर खुंटीला, उद्याचे कपडे एका जागी. घड्याळ बघायची गरज नाही. मोबाईलवर दोन भीमगीतं लावा, ती संपेपर्यंत सगळ्यांनी हात चालवायचे, संपली की थांबायचं. उरलं ते उद्या. हे थांबणं महत्त्वाचं आहे, नाहीतर पाव तासाचे दोन तास होतात आणि ते एकटीच्या वाट्याला येतात.

दवाखान्याच्या वॉर्डात आम्ही हेच शिकलो. तिथे कुणी रविवारची वाट बघत नाही. प्रत्येक पाळीत चादरी ताणायच्या, ट्रॉली पुसायची, पुढच्या पाळीच्या हातात जागेवरची वस्तू द्यायची. काम थोडं असतं, पण रोजचं असतं आणि कुणाचं ते ठरलेलं असतं.

एका घरी बाप रात्रीचा वॉचमन. तो सकाळी येऊन झोपतो, त्यामुळे सकाळी झाडता येत नाही. त्यांनी झाडलोट दुपारी नेली, चाललं. आपण देव मानत नाही, तर वेळापत्रकालाही देव करू नका.

एक इशारा मात्र पक्का लक्षात ठेवा. जास्त स्वच्छ व्हावं म्हणून ब्लीचिंग पावडर आणि संडासचं ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि छोट्या मोरीत तो माणसाला गुदमरवतो. फिनेल, ॲसिड, रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत भरू नका. लेकरू पाणी समजून तोंडाला लावतं. तसं झालंच तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा.

घराबाहेरची तुंबलेली नाली आणि सार्वजनिक संडास मात्र तुमच्या पाव तासात बसत नाहीत, बसवूही नका. ते काम महानगरपालिकेचं. महिला मंडळाने क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. पंधरा दिवसांनी तीच प्रत घेऊन पुन्हा जावं.

आता काम कुणी करायचं? इथे सगळ्यात जास्त भांडण होतं. "पुरुष कामावरून दमून येतो" म्हणतात. बाई काय बसून येते? आमचा आग्रह एवढाच की एका कागदावर सहा दिवस, सहा भांडी आणि सहा नावं लिहा, त्यात बापाचं नाव हवंच, मुलाचंही.

एका घरी सातवीतल्या मुलीने असा कागद लिहून दारामागे चिकटवला. शनिवार, मोठं पिंप, पप्पा. पहिल्या शनिवारी पप्पा विसरले. आईचा हात शिवशिवत होता, तरी तिने पिंपाला हात लावला नाही. रविवारी सकाळी नळ आला तेव्हा पप्पा काथ्या घेऊन मोरीत होते आणि पोरगी विहारात.